दोन तलाव, एक महापालिका: हरणी लेक झोनची कागदोपत्री कहाणी

बडोद्याच्या ईशान्येला, विमानतळाच्या अंगाला हरणी आहे. पूर्वी ते वेशीबाहेरचे गाव होते, आता शहरच त्याच्या पुढे निघून गेले आहे. बडोद्याच्या जुन्या मराठी घरांत हरणी म्हटले की भीडभंजन मारुती आठवतो. त्याच हरणीत मोटनाथ महादेवाचे देऊळ आहे आणि देवळाजवळ तलाव. बडोद्याला नऊ नाथांची राखण आहे, अशी शहराची जुनी श्रद्धा. मोटनाथ त्या नवनाथांपैकी एक. तलावालाही लोक देवाच्याच नावाने ओळखतात.

या तलावाकाठी करमणूक केंद्र उभारून ते चालवण्याचा करार वडोदरा महानगरपालिकेने २०१७ मध्ये कोटिया प्रोजेक्ट्स या भागीदारी संस्थेशी केला. ‘हरणी लेक झोन’ या नावाने ते केंद्र चालू झाले. तिथे बोटिंग होते, मुलांचे खेळ होते, खाण्यापिण्याची सोय होती. १८ जानेवारी २०२४ रोजी, गुरुवारी, शाळेच्या सहलीला आलेल्या मुलांची बोट तिथे उलटली. १२ मुले आणि २ शिक्षिका बुडून मरण पावल्या. महापालिकेने करार रद्द केला, लेक झोनला कुलूप लागले. करारापासून कुलपापर्यंत जेमतेम सात वर्षे.

करमणूक केंद्रांचा इतिहास सहसा जाहिरातींत आणि कौटुंबिक फोटोंत सापडतो. हरणीचा इतिहास मात्र पोलीस ठाण्याच्या फिर्यादीत आणि न्यायालयांच्या आदेशांत आहे. ही कागदपत्रे एकमेकांशेजारी ठेवून वाचली तर लक्षात येते की ही गोष्ट २०१७ ला सुरू झालेली नाही. तिचे पहिले प्रकरण १९९३ चे आहे आणि ते याच शहरातल्या दुसऱ्या तलावावर, सुरसागरवर, घडले आहे. ते प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले, महापालिका तिथे हरली, आणि त्या निकालाच्या पुढच्याच वर्षी हरणीची प्रक्रिया सुरू झाली. हा क्रम मांडणे हाच या लेखाचा उद्देश.

कागदांच्या वजनाविषयी दोन शब्द आधीच सांगायला हवेत. फिर्याद म्हणजे आरोप. त्यात जे लिहिले असते ते सिद्ध झालेले नसते. पण फिर्यादी कोण आणि आरोपी कोण, ही नोंद त्यात पक्की असते, आणि इतिहासकाराला तीही पुष्कळ सांगून जाते. पहिल्या दिवसाच्या बातम्यांतले आकडे बदलत राहतात. बोटीत किती जण होते याचे हरणीच्या बाबतीतले पहिले आकडे परस्परांशी जुळत नाहीत, म्हणून जे सगळीकडे सारखे आहे तेवढेच इथे घेतले आहे: क्षमता १४ जणांची, बसलेले जवळजवळ दुप्पट. सर्वांत भक्कम आधार निकालपत्राचा. दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षे भांडून झाल्यावर जे तथ्य उरते ते त्यात नोंदलेले असते. सुरसागरच्या बाबतीत असे निकालपत्र आपल्या हाताशी आहे.

सुरसागर शहराच्या मधोमध आहे. त्याचे जुने नाव चंदन तलाव. अठराव्या शतकात सुरेश्वर देसाई यांनी तो नव्याने बांधून काढला आणि त्यांच्या नावावरून तो सुरसागर झाला. काठ बांधीव आहेत. एका बाजूला न्यायमंदिराची भव्य इमारत आहे. शहराचे न्यायालय कित्येक दशके तिथेच भरत असे. जवळच संगीत महाविद्यालय आहे. गवई मौलाबक्ष यांच्या गायनशाळेपासूनची परंपरा सांगणारे. तलावाच्या मध्यावर आज शंकराची १११ फूट उंचीची मूर्ती उभी आहे. बडोद्याला गेलेला पाहुणा सुरसागर पाहिल्याशिवाय परतत नाही.

शहरातले तलाव हे मुळात पाण्याची सोय. सयाजीराव महाराजांनी १८८५ मध्ये शहराच्या पूर्वेला आजवा जलाशयाचे काम सुरू करवले आणि १८९२ मध्ये त्या सयाजी सरोवराचे पाणी नळाने बडोद्यात आले. पंपाशिवाय, केवळ उतारावरून. शहराची तहान आजव्याने भागवायला सुरुवात केली आणि गावातले तलाव त्या कामातून हळूहळू मोकळे झाले. पुढे ते विसर्जनाचे, संध्याकाळच्या फेरफटक्याचे आणि शेवटी बोटिंगचे झाले. तलावाचा उपयोग बदलला तशी त्याच्यावरची देखरेखही बदलायला हवी होती. पाणी पिण्याचे असते तेव्हा त्याची परीक्षा करणारे खाते असते, रोजची नोंद असते. त्याच पाण्यावर माणसे बसवायची ठरल्यावर तसे खाते, तशी नोंद कोणी उभी केली का, हा प्रश्न सुरसागरपासून हरणीपर्यंत पुन्हा पुन्हा समोर येतो.

११ ऑगस्ट १९९३. श्रावण महिना. सुरसागरमध्ये महापालिकेने ठेकेदाराला बोटिंग चालवायला दिले होते. त्या दिवशी २० जणांच्या बोटीत ३८ जण बसवले गेले. जीव वाचवण्याची साधने बोटीवर नव्हती. बोट उलटली आणि २२ जण बुडाले. शहराच्या मध्यभागी, चारी बाजूंनी रस्ते असलेल्या, काठावरून हाक मारली तर ऐकू जाईल अशा पाण्यात.

मृतांच्या नातेवाइकांनी ग्राहक न्यायालयाची वाट धरली. ग्राहक संरक्षण कायदा १९८६ चा, म्हणजे तेव्हा अवघ्या सात वर्षांचा. तिकीट काढून बोटीत बसलेला माणूस हा ग्राहक आहे, त्याला दिलेली सेवा सदोष होती आणि सेवा देणाऱ्याने भरपाई द्यावी, अशी ती मागणी. प्रतिवादी तीन: महापालिका, ठेकेदार आणि विमा कंपनी. विमा कंपनीची जबाबदारी किती, यावरही वाद झाला, पण खरा कळीचा मुद्दा महापालिकेच्या बचावाचा होता. बोटी चालवत होता तो ठेकेदार. करारानुसार सुरक्षिततेची काळजी घ्यायची होती ती त्याने. मग आम्ही जबाबदार कसे? हे म्हणणे घेऊन महापालिका सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. अपील तिचेच होते.

निकाल १० सप्टेंबर २०१४ रोजी लागला. दुर्घटनेला २१ वर्षे उलटून गेली होती. ज्यांची मुले बुडाली ते आईबाप या काळात म्हातारे झाले, हे निकालपत्रात लिहिलेले नसते. ते तारखांच्या वजाबाकीतून वाचायचे असते. न्यायालयाने महापालिकेचा बचाव मान्य केला नाही. त्यामागचे तर्कशास्त्र सरळ आहे आणि ते नीट समजून घेण्यासारखे आहे. पाण्यावर बोट चालवणे हे स्वभावतःच जोखमीचे काम आहे. लाइफ जॅकेटसारखी साधने नसली, माणसे जास्त भरली, तर काय होईल हे आधीच दिसत असते. ज्याला ते आधी दिसू शकते त्याच्यावर काळजी घेण्याचे कर्तव्य येते. तलाव महापालिकेच्या ताब्यातला, बोटिंगची परवानगी तिची, लोकांना तिथे येण्याचे आमंत्रण तिचे. हे कर्तव्य करारावर सही करून दुसऱ्याच्या खांद्यावर टाकता येत नाही. ठेकेदाराशी हिशेब करायचा तर महापालिकेने तो स्वतंत्रपणे करावा. बुडालेल्या माणसाच्या कुटुंबाला मात्र ‘ठेकेदाराकडे जा’ असे सांगता येणार नाही.

महापालिकांचा कायदा १९४९ चा. जुन्या मुंबई प्रांताचा, म्हणून गुजरातेत आणि महाराष्ट्रात मूळ एकच. त्यात महापालिकेच्या कर्तव्यांचे दोन गट आहेत: करायलाच हवीत अशी आणि ऐपतीप्रमाणे करता येतील अशी. पाणी, गटारे, रस्ते पहिल्या गटात येतात. लोकांच्या करमणुकीची सोय दुसऱ्या. सुरसागरच्या निकालानंतर या विभागणीत एक गोष्ट पक्की झाली. करमणुकीची सोय करायची की नाही हे महापालिकेने ठरवावे. केली, तर तिथे आलेल्या माणसाच्या जिवाची काळजी तिच्या मर्जीवर राहत नाही.

भारतातल्या कोणत्याही महापालिकेला हा निकाल लागू आहे. घटनेच्या १४१ व्या कलमाने सर्वोच्च न्यायालयाने घोषित केलेला कायदा सर्व न्यायालयांना बंधनकारक असतो. पण इतर शहरांनी तो वाचला नसता तर एक वेळ समजण्यासारखे होते. वडोदरा महानगरपालिका या दाव्यात पक्षकार होती. निकालाची प्रत तिच्या विधी खात्यात पोहोचलेली असणारच. हा सगळा खटला तिच्या पैशाने, तिच्या वकिलांनी लढवला होता.

आणि इथेच दोन तलावांच्या कहाण्या एकमेकींना येऊन मिळतात. हरणीच्या तलावासाठी इच्छुक संस्थांकडून प्रस्ताव मागवण्याची प्रक्रिया २०१५ मध्ये सुरू झाली. निकालाच्या पुढच्याच वर्षी. गुजरात उच्च न्यायालयासमोर पुढे जे कागद आले त्यांवरून दिसते की पहिल्या फेरीत कोटिया प्रोजेक्ट्स पात्रतेच्या अटींत बसली नव्हती. नंतरच्या फेरीत त्याच संस्थेला पात्र ठरवण्यात आले आणि २०१७ मध्ये तिच्याशी करार झाला. एकदा अपात्र ठरलेली संस्था थोड्याच अवधीत पात्र कशी ठरली, हा प्रश्न न्यायालयाने विचारला. तो विचारला गेला तेव्हा १४ जण गेलेले होते.

असे प्रकल्प ‘पीपीपी’, म्हणजे सार्वजनिक-खासगी भागीदारी, या पद्धतीने होतात. जागा आणि पाणी महापालिकेचे. बांधकामाचा खर्च, खेळ आणि बोटी आणणे, माणसे नेमणे, तिकिटे फाडणे हे सारे खासगी संस्थेचे. त्या बदल्यात महापालिकेला ठरलेली रक्कम मिळते आणि तिजोरीतून खर्च न करता शहरात एक आकर्षण उभे राहते. या पद्धतीत मुळात गैर काही नाही. बसस्थानके, पार्किंग, नाट्यगृहे अशी पुष्कळ कामे तिच्यातून झाली आहेत. पण यात एक ठिकाण हमखास मोकळे राहते: रोजची तपासणी. संस्थेचे उत्पन्न तिकिटांवर अवलंबून असते, म्हणजे एका फेरीत जितकी माणसे जास्त तितके तिच्या फायद्याचे. तिला आवर घालणारा माणूस महापालिकेचाच असायला हवा, आणि तो काठावर उभा असायला हवा. फाइलवर सही करणाऱ्याला बोटीत किती जण बसले ते दिसत नाही. हरणीत पुढचा एक दुवाही जोडला गेला होता. कोटियाने बोटिंगचे काम आणखी दुसऱ्याच व्यक्तीकडे चालवायला दिले होते, असे तपासात बाहेर आले. तलावाची मालकी महापालिकेकडे, करार एका संस्थेशी, बोट तिसऱ्याच्या हातात. १९९३ मध्ये मधल्या जागी एक ठेकेदार होता. या वेळी दोन थर होते.

१८ जानेवारीच्या दुपारी वाघोडिया रस्त्यावरच्या एका खासगी शाळेची मुले सहलीला आली होती. प्राथमिक वर्गांतली. दिवस कलताना बोटीची फेरी निघाली. क्षमता १४ ची आणि बोटीत मुले व शिक्षक मिळून जवळजवळ दुप्पट माणसे. बोटीतल्या फक्त १० जणांच्या अंगावर लाइफ जॅकेट होते, असे राज्याचे तेव्हाचे गृहराज्यमंत्री हर्ष संघवी यांनी त्याच दिवशी सांगितले.

बोट उलटते म्हणजे नेमके काय होते, हे इथे जरा थांबून पाहायला हवे, कारण क्षमतेचा आकडा ही कागदी औपचारिकता आहे असे अनेकांना वाटते. बोटीत वजन वाढले की ती खोल बसते आणि तिचा काठ पाण्याच्या जवळ येतो. माणसे बाकांवर, कडेला, एकमेकांच्या अंगावर दाटीने बसली की भार वर सरकतो आणि बोट डोलू लागते. तोवर धोका दिसत नाही. पाणी शांत असते, मुले हसत असतात. मग काही कारणाने सगळे एका बाजूला झुकतात. वळण येते, कोणी काही दाखवते, कोणाच्या अंगावर पाण्याचे तुषार उडतात. काठ पाण्याखाली जातो आणि आत शिरलेले पाणीही त्याच बाजूला वाहते. कमी भरलेली बोट अशा वेळी स्वतःला सावरते. जास्त भरलेलीला ते शक्य नसते, आणि उलटायला काही क्षण पुरतात. पोहता येणारा मोठा माणूससुद्धा त्या गोंधळात गांगरतो. इथे लहान मुले होती.

लाइफ जॅकेटचेही तसेच. ते अंगाला बसावे लागते. मोठ्या माणसाचे जॅकेट आठ वर्षांच्या मुलाला घातले तर पाण्यात ते वर सरकते आणि मूल खाली राहते. म्हणून मुलांची जॅकेटे वेगळी असतात, वजनाप्रमाणे मापे असतात, खालून अडकवायचा पट्टा असतो. शाळेच्या सहली घेणाऱ्या ठिकाणी लहान मापाची पुरेशी जॅकेटे असणे, ती बोटीत पाय ठेवण्याआधी घातली जाणे आणि पट्टा कोणीतरी स्वतः ओढून पाहणे, एवढीच ही व्यवस्था. बोट चालवणाऱ्याने एक साधा नियम पाळायचा असतो: जितकी जॅकेटे तितकीच माणसे. हा नियम पाळला असता तर त्या फेरीला बोटीत दहाच जण बसले असते आणि दहाही जण जॅकेटमध्ये असते.

अग्निशमन दल आणि राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाने शोध घेतला. मुलांना जवळच्या खासगी रुग्णालयात आणि सयाजी रुग्णालयात नेण्यात आले. राज्य सरकारकडून मृतांच्या कुटुंबांना प्रत्येकी ४ लाख आणि पंतप्रधान मदत निधीतून प्रत्येकी २ लाख रुपये जाहीर झाले. जिल्हाधिकाऱ्यांना चौकशी करून १० दिवसांत अहवाल देण्यास सांगितले गेले आणि पोलिसांचे विशेष तपास पथक नेमले गेले.

हरणी पोलीस ठाण्यात फिर्याद नोंदली गेली. १८ जणांविरुद्ध, सदोष मनुष्यवधाच्या कलमासह. संस्थेचे भागीदार, व्यवस्थापक, बोट चालवणारे असे त्यांत होते. जॅकेटे पुरेशी नव्हती, सूचनांचे फलक नव्हते, बोटींची निगा राखली नव्हती, असे आरोप तीत आहेत. खटला न्यायालयात आहे आणि त्यांतला कोण किती दोषी हे तिथे ठरेल. पण इतिहासाच्या दृष्टीने या फिर्यादीतली सर्वांत महत्त्वाची नोंद फिर्याद देणाऱ्याची आहे. फिर्याद दिली महापालिकेच्या अभियंत्याने. म्हणजे तलावाची मालक, कराराची एक पक्षकार आणि सुरसागरच्या दाव्यात हरलेली अपीलकर्ती महापालिका या कागदात तक्रारदार म्हणून उभी आहे.

१९९३ नंतर तिने न्यायालयात जे म्हटले होते तेच २०२४ मध्ये वेगळ्या कागदावर आले. तेव्हा ते बचावाच्या रूपात होते, आता फिर्यादीच्या. आशय तोच: चूक बोट चालवणाऱ्याची. आणि ती चूक होती, यात शंका घेण्याचे कारण नाही. पण २०१४ च्या निकालाने दुसरा प्रश्न विचारला होता: देखरेख कोणाची होती? फलक नव्हते, तर ते नाहीत हे सात वर्षांत महापालिकेच्या कोणाच्याच डोळ्यांना दिसले नाही का? फिर्यादीतला प्रत्येक आरोप हा तपासणीच्या अभावाचाही पुरावा आहे. तो पुरावा महापालिकेच्या स्वतःच्या माणसाने दिलेला आहे.

दुसऱ्याच दिवशी, १९ जानेवारीला, वकिलांनी हा विषय गुजरात उच्च न्यायालयापुढे मांडला आणि न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. पुढे मुख्य न्यायमूर्ती सुनीता अगरवाल यांच्या खंडपीठासमोर सुनावणी चालली. पोलीस तपास बोटीपासून सुरू झाला होता. न्यायालयाने निविदेपासून सुरुवात केली. ठेका कसा दिला गेला, पात्रता कोणी तपासली, त्या वेळी आयुक्त कोण होते, असे प्रश्न आले. नगरविकास खात्याच्या प्रधान सचिवांकडून चौकशी मागवण्यात आली. ठेका देण्याच्या पद्धतीवर आणि तत्कालीन आयुक्तांच्या भूमिकेवर न्यायालयाने २०२४ मध्ये कठोर ताशेरे ओढले आणि त्यांच्यावरील कारवाईची दिशा ठरवून दिली. भरपाई ठरवण्याचे काम जिल्हा प्रशासनाकडे आले. सुरसागरच्या प्रकरणात महापालिकेच्या जबाबदारीवर शेवटचा शब्द यायला २१ वर्षे लागली होती. हरणीत निदान हा प्रश्न पहिल्या वर्षातच न्यायालयाच्या पटलावर आला, आणि याचे श्रेय उच्च न्यायालयाला द्यायलाच हवे.

हरणीच्या आधी आणि नंतर गुजरातेत जे घडले तेही याच प्रकरणाशेजारी ठेवून वाचावे लागते. ३० ऑक्टोबर २०२२ रोजी मोरबीचा झुलता पूल तुटला, १३५ माणसे गेली. नगरपालिकेचा पूल, चालवायला खासगी कंपनी. २५ मे २०२४ रोजी राजकोटच्या गेम झोनला आग लागली, २७ जण गेले. त्या दिवशी तिथे ९९ रुपयांत प्रवेशाची सवलत होती. मधली तारीख हरणीची. एकोणीस महिन्यांत तीन ठिकाणे, आणि तिन्ही ठिकाणी माणसे विरंगुळ्यासाठी पैसे मोजून गेलेली. मोरबीनंतर राज्यभरच्या तलावांवरच्या बोटी एकदा मोजून, तपासून घेता आल्या असत्या. पूल आणि बोट या वेगळ्या गोष्टी, पण प्रश्न एकच: एका वेळी किती माणसे, आणि ते मोजतो कोण.

कायद्याची चौकट अगदीच नव्हती असे म्हणता येणार नाही. अंतर्देशीय जलयानांचा १९१७ चा जुना कायदा बदलून केंद्राने २०२१ मध्ये नवा केला. बोटींची नोंदणी, तपासणी, जीवरक्षक साधने हे विषय त्यात आहेत. पण तलावातल्या छोट्या बोटींसाठी राज्याचे नियम आणि ते पाळून घेणारी यंत्रणा लागते. गुजरात सरकारने असे नियम हरणीनंतर केले आणि राजकोटनंतर खेळांच्या ठिकाणांसाठीही केले. नियम झाले हे चांगलेच झाले. पण सुरसागरच्या निकालाला नियमांची वाट पाहायची गरज नव्हती. महापालिकेच्या करारात दोन अटी घालून, एक माणूस काठावर नेमून तो त्याच महिन्यात अमलात आणता आला असता. बोटीच्या पाठीवर क्षमतेचा आकडा ठळक रंगात लिहायला अध्यादेश लागत नाही.

या सगळ्या कागदांवरून माझा निष्कर्ष असा. हरणी लेक झोन बोट चालवणाऱ्यांच्या निष्काळजीपणाने बंद पडले हे खरे असले तरी अपुरे आहे. महापालिकेने स्वतःच्या पराभवाची फाइल उघडून पाहिली नाही, हे त्याचे मूळ कारण आहे. १९९३ मध्ये ती अजाण होती असे क्षणभर मानू. २०१४ नंतर ते मानता येत नाही. क्षमतेच्या जवळजवळ दुप्पट माणसे, जॅकेटांचा अभाव, मध्ये ठेकेदार, वर महापालिका: सुरसागरच्या निकालपत्रातल्या वस्तुस्थितीचे हे तपशील हरणीत जसेच्या तसे पुन्हा आले. देशाच्या सर्वोच्च न्यायालयाने ज्या शहराला नाव घेऊन सांगितले होते, त्याच शहरात. ज्या अधिकाऱ्यांनी हरणीचा करार केला त्यांच्यापुढे तो निकाल कोणी ठेवला होता का, आणि ठेवला नसेल तर का नाही, याची चौकशी निविदेच्या चौकशीइतकीच महत्त्वाची आहे.

महाराष्ट्रातल्या वाचकाला हे परक्या गावचे वाटू नये. पुणे, ठाणे, कोल्हापूर, नाशिक या महापालिकांचा मूळ कायदा तोच १९४९ चा आहे आणि २०१४ चा निकाल त्यांनाही तितकाच लागू आहे. आपल्या शहरातही तलाव आहे, त्यावर बोटी आहेत, शाळांच्या सहली आहेत, आणि कुठेतरी एक करार आहे. माहिती अधिकार कायद्याच्या चौथ्या कलमानुसार, महापालिकेने कोणाला सवलती, परवाने आणि अधिकार दिले आहेत याचा तपशील तिने आपणहून प्रसिद्ध करायचा असतो. केला नसेल तर दहा रुपयांचे तिकीट लावून अर्ज करा आणि चार गोष्टी मागा: बोटिंगच्या कराराची प्रत, प्रत्येक बोटीची ठरवलेली क्षमता, मुलांच्या मापाच्या जॅकेटांची संख्या आणि महापालिकेच्या अधिकाऱ्याने शेवटची तपासणी केल्याची तारीख व सही. उत्तर देण्याची मुदत तीस दिवसांची आहे. मुलांच्या सहलीच्या संमतिपत्रावर सही करण्याआधी हा अर्ज द्या.